लिहिलं कुणी, राहिलं कुणाकडे

हिशेबी : लोणारहून परत आलास की तू जेवणाआधी लिहायला बसतोस. दैत्यसूदनाच्या देवळातलं कोरीवकाम नीट दिसायला कोणत्या वेळी जावं, विवरात उतरताना पाय कुठे घसरतो, पाणी आपलंच का न्यावं, सगळं. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, हे मला मान्य आहे. पण ज्या कंपनीच्या पानावर हे जातं, तिच्याशी तुझा व्यवहार काय ठरलाय? व्हर्च्युअलटुरिस्ट नावाची अशीच एक जागा होती. जगभरचे हौशी प्रवासी तिच्यावर वर्षानुवर्षं टिपा लिहीत होते, फोटो चढवत होते, एकमेकांच्या चुका दुरुस्त करत होते. २००८ मध्ये ती ट्रिपअ‍ॅडव्हायझरच्या ताब्यात गेली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये बंद करण्यात आली. मालकाने ठरवलं आणि विषय संपला. लिहिणाऱ्यांच्या संमतीची गरज पडली नाही, कारण त्यांचा हक्क कुठल्या कागदावर नव्हताच.

हौशी : काका, मी व्यवहार करायला गेलोच नव्हतो. आपण रिठदची माणसं. रिसोड तालुका ओलांडून गावाचं नाव सांगितलं की लोक आधी वाशिम कुठे ते विचारतात. हेच वाशिम वत्सगुल्म म्हणून वाकाटकांची राजधानी होतं. अजिंठ्याचं सोळावं लेणं करवून घेणारा वराहदेव हा वत्सगुल्म शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री. अजिंठा पाहायला लाखो लोक जातात. त्यांतले कितीजण वाशिमचं नाव ऐकून परततात? बाहेरचा कुणी येईल, आपल्याबद्दल लिहील, याची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या. या साइटींनी पहिल्यांदा असं केलं की गावातल्या माणसाला परवानगी न मागता, संपादकाची मनधरणी न करता आपल्या मुलखाबद्दल लिहिता आलं. एवढं मिळालं आणि वर मी हिशेबही मागायचा? कंपनी चालते, कंपनी बुडते. बुडाली म्हणजे तिने लिहिणाऱ्यांना दगा दिला असं कसं म्हणता?

हिशेबी : बंद होणं हा दगा असं मी म्हणत नाही. बंद काय झालं आणि चालू काय राहिलं, ते बघ. ट्रिपअ‍ॅडव्हायझर २००० साली निघाली तेव्हा गाइडबुकांतली आणि वर्तमानपत्रांतली परीक्षणं एका जागी आणायची, असा बेत होता. सोबत ‘तुमचाही अनुभव लिहा’ अशी सोय ठेवली होती. लोकांनी तिच्यावर एवढं लिहिलं की तज्ज्ञांचं लिखाण मागे पडलं आणि हौशांचं लिखाण हाच धंदा झाला. पैसा कुठून आला? वाचणारा हॉटेलच्या नावावर बोट ठेवून बुकिंगच्या साइटवर गेला की त्या क्लिकचे पैसे कंपनीला मिळतात. म्हणजे तुझ्या लिहिण्याची किंमत त्याच्या खरेपणावर ठरत नाही, त्याच्या पलीकडे विकायला खोली आहे की नाही यावर ठरते. गोव्याच्या रिसॉर्टबद्दल लिहिलेल्या दोन ओळी मालकाच्या दृष्टीने कमावत्या. पैनगंगेकाठच्या एखाद्या पडक्या देवळाबद्दल तू लिहिलेलं पान म्हणजे नुसता सांभाळायचा खर्च. एकाच घरात हॉटेलांची साइट राहिली आणि टिपांची गेली, याचा अर्थ मी तरी असाच लावतो. आणि रिठदसारख्या गावाला हा हिशेब सगळ्यात आधी लागू होतो.

हौशी : कंपनीचा स्वार्थ असतो हे कबूल. पण स्वार्थ असला म्हणजे लिहिणाऱ्याच्या विरोधातच जातो असं नाही. मुंबईच्या माउथशटचं घ्या. २००० सालीच निघालेली ही साइट. तिच्यावर लोक फ्रिजपासून हॉटेलपर्यंत सगळ्याबद्दल लिहितात. सरकारने २०११ मध्ये नियम केले की एखाद्या मजकुराबद्दल तक्रार आली तर साइटने ३६ तासांत त्यावर हालचाल करायची. ज्या हॉटेलवाल्याला आपल्याबद्दलचं खरं नको असेल, त्याने एक नोटीस पाठवावी आणि साइटने घाबरून रिव्ह्यू उतरवावा, असा त्याचा अर्थ. माउथशट २०१३ मध्ये या नियमांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. त्याआधी नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला, फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी दोन मुलींना अटक झाली होती. त्यावरून श्रेया सिंघल खटला उभा राहिला, आणि माउथशटची याचिका त्याच्यासोबत ऐकली गेली. २४ मार्च २०१५ ला निकाल लागला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द झालं, आणि न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना असल्याशिवाय मजकूर काढण्याची सक्ती साइटवर नाही, हे ठरलं. हे काम एका धंदेवाईक कंपनीने केलं. ज्यांच्याकडून एक पैसा येत नाही अशा लिहिणाऱ्यांची बाजू तिने कोर्टात धरली.

हिशेबी : धरली, आणि त्याचं श्रेय तिला दिलंच पाहिजे. पण तिथे लिहिणाऱ्याचा आणि कंपनीचा फायदा एकाच दिशेला होता. रिव्ह्यू उतरत गेले तर साइटच रिकामी होणार होती. पारख होते ती फायद्याच्या दिशा वेगळ्या होतात तेव्हा. २०१० मध्ये एका बाईने मेक्सिकोतल्या रिसॉर्टमध्ये आपल्यावर बलात्कार झाला असं ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर लिहिलं. पुढच्या बाईने सावध राहावं एवढाच हेतू. कुटुंबातल्या सगळ्यांनी वाचावी अशी भाषा हवी, या नियमावर बोट ठेवून तो मजकूर काढला गेला. २०१७ मध्ये मिलवॉकीच्या एका वर्तमानपत्राने हे प्रकरण बाहेर काढलं तेव्हा कंपनीने माफी मागितली. माउथशटच्या वेळी हॉटेलवाल्याच्या नोटिशीची भीती होती. इथे साइटच्या स्वतःच्या नियमानेच ते काम केलं. लिहिणाऱ्याला फसवणं म्हणतो ते मी याला. साइट बंद पडली तर सगळ्यांचंच जातं. चालू असताना नेमकं जे सांगायची गरज होती तेच काढलं, तर राहिलेला सगळा मजकूर अर्धवट खोटा ठरतो, आणि तो खोटेपणा उरलेल्या लिहिणाऱ्यांच्या नावावर चढतो. त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

हौशी : याला माझ्याकडे बचाव नाही. पण हा नियमांचा दोष आहे, आणि नियम सुधारता येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. रिव्ह्यू कसे गोळा करायचे, कसे तपासायचे, कसे छापायचे, पैसे देऊन लिहून घेतलेलं कसं रोखायचं, हे त्यात सांगितलंय.

हिशेबी : पाळायचं की नाही ते कंपनीच्या मर्जीवर. आणि ते केलंय कुणासाठी? ग्राहकासाठी, म्हणजे वाचणाऱ्यासाठी. लिहिणारा त्यात आहे तो ओळख पटवून घ्यायचा इसम म्हणून. तो खोटारडा निघू नये याची व्यवस्था आहे. त्याच्याशी खोटं वागलं जाऊ नये याची कुठे आहे?

हौशी : मग तुम्हाला हवंय तरी काय? पैसे?

हिशेबी : निदान पावती. वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीन नेलं तर काट्यावर वजन होतं, अडत्या हिशेबपट्टी हातात देतो. भाव पडलेला असेल, हमाली-तोलाई जास्त कापली असेल, पण माझा माल किती आणि कुणाकडे गेला, ते कागदावर येतं. त्या कागदाच्या जोरावर मी भांडू शकतो. तू इतकी वर्षं जो माल घातलास त्याचं वजन कुणी केलं? गूगलच्या नकाशावर लिहिणाऱ्यांना गुण मिळतात, पातळी चढते, नावापुढे बिल्ला लागतो. त्या गुणांवर तुला काही मागता येत नाही, आणि ते कसे मोजायचे तेही उद्या बदलता येतं.

हौशी : सोयाबीन एकदा विकलं की तुमच्या घरी राहत नाही, काका. माझं लिहिणं देऊनही माझ्याकडे राहतं. म्हणून तो कागद इथे तसाच लागू होत नाही. आणि लिहिण्याला पैसा लावला की काय होतं तेही २०१७ मध्ये लंडनमध्ये दिसलं. उबा बटलर नावाच्या लेखकाने आपल्या बागेतल्या शेडला रेस्टॉरंट म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर चढवलं. मित्रांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले आणि जे अस्तित्वातच नव्हतं ते रेस्टॉरंट लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. ही युक्ती त्याला सुचली, कारण आधी तो स्वतः एका रिव्ह्यूला १० पौंड घेऊन रेस्टॉरंटांसाठी खोटं लिहीत होता. मी फुकट लिहितो म्हणून माझ्या शब्दाला वजन आहे. उद्या मला शब्दामागे पैसे मिळायला लागले तर आपल्या जिल्ह्यातल्या शिरपूरच्या धर्मशाळेबद्दल मी जे लिहीन, ते तुम्हीसुद्धा शंका घेऊन वाचाल.

हिशेबी : बरं, पैशाचं सोडतो. नाव?

हौशी : नावाचाही मला मोठा मोह नाही. वाशिम अकोला जिल्ह्यात होतं तेव्हाचं, १९१० चं गॅझेटियर बघा. वर ब्राऊन आणि नेल्सन या साहेबांची नावं. आत गावांची, देवळांची, जत्रांची, पिकांची जी माहिती आहे ती काय साहेबांनी घोड्यावर बसून गोळा केली? पटवारी, पाटील, तहसिलीतला कारकून, यांनी सांगितलं तेव्हा ती कागदावर आली. त्यांना ना मोबदला मिळाला ना नाव. तरी शंभर वर्षांनंतर आपण ती पानं उघडतो. फुकट आणि निनावी देणं ही काही इंटरनेटने आणलेली रीत नाही.

हिशेबी : बरोब्बर. पण त्या पटवाऱ्याचं सांगणं टिकलं कसं, ते सांग. पुस्तक छापलं गेलं, गावोगावच्या ग्रंथालयांत पोचलं, राज्य बदललं तरी उरलं. त्याच्याही आधीचं घे. महानुभावांची स्थानपोथी. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले त्या गावांची, देवळांची, ओसऱ्यांची नोंद. कोणतं देऊळ कुठल्या दिशेला, स्वामी कुठे बसले, इतकं बारीक. मराठीतलं जुन्यातलं जुनं स्थलवर्णन म्हणावं असं. ते वाचलं, कारण पंथातल्या माणसांनी त्याच्या नकला केल्या आणि वेगवेगळ्या मठांत ठेवल्या. एक मठ गेला तरी पोथी गेली नाही. तुमच्या लिहिण्याची नक्कल एकच, आणि ती ज्या खोलीत आहे तिची किल्ली एकाच माणसाकडे. मोबदला नाही, नाव नाही, हे मी सोसतो. पण तुम्ही दिलेलं आणखी कुणी जपूच नये अशी अट कशासाठी?

हौशी : आता तुम्ही मुद्द्यावर आलात, आणि याचं उत्तर मात्र माझ्याकडे आहे. ती अट सगळीकडे नव्हती. विकिट्रॅव्हल २००३ मध्ये निघालं. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, आणि सगळा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली. २००६ मध्ये मूळ चालकांनी ते इंटरनेट ब्रँड्स या अमेरिकी कंपनीला विकलं. विकली गेली ती जागा आणि नाव. मजकुराचा परवाना तसाच राहिला. जर्मन भाषेत लिहिणारे त्याच वर्षी मजकूर उचलून निघाले आणि त्यांनी विकिव्हॉयेज उभं केलं. इटालियन भाषेत लिहिणारे पुढच्या वर्षी त्यांना मिळाले. इंग्रजीतले कंटाळत, जाहिरातींवर आणि बिघडलेल्या यंत्रणेवर चिडत २०१२ पर्यंत थांबले, मग तेही निघाले. १५ जानेवारी २०१३ ला विकिव्हॉयेज विकिमीडियाच्या छत्राखाली रीतसर सुरू झालं. कंपनी चुकली तर लिहिणाऱ्यांनी आपलं लिहिणं घेऊन, सगळ्यांनी मिळून चालतं व्हायचं. तुमच्या पावतीपेक्षा हा हक्क मोठा आहे.

हिशेबी : गोष्ट चांगली आहे, पण अर्धी सांगितलीस. ते निघत असताना कंपनीने दोन स्वयंसेवकांवर दावा लावला. २०१३ च्या फेब्रुवारीत तो मिटला, पण फुकट लिहिणाऱ्याने वकील करायची वेळ आली. आणि लोक निघून गेले तरी जुनी जागा बंद पडली नाही. त्यांनीच लिहिलेल्या मजकुराभोवती जाहिराती लावून ती चालू राहिली. मुक्त परवाना दोन्ही बाजूंना मुक्त असतो. तरी ते निघू शकले, हे मोठं. कारण ते पुष्कळ होते, एकमेकांना ओळखत होते, आणि त्यांच्या हातात परवाना होता. आता गूगल मॅप मेकरचं बघ. २००८ मध्ये आलं, बंगळुरूच्या मंडळींनी घडवलेलं. आपल्याकडच्या हजारो खेड्यांचे रस्ते, शाळा, दवाखाने लोकांनीच हाताने नकाशावर आणले. २०१३ मध्ये त्यावर मॅपेथॉन स्पर्धा झाली, तर सर्व्हे ऑफ इंडियाने हरकत घेतली आणि पुढे प्रकरण सीबीआयपर्यंत गेलं. हौसेने रस्ता काढणाऱ्याला कळेना की आपण पुण्य केलं की गुन्हा. २०१५ मध्ये पाकिस्तानात रावळपिंडीजवळ कुणीतरी नकाशावर चावट चित्र काढलं, तर संपादन जगभर थांबलं. ३१ मार्च २०१७ ला मॅप मेकर बंद. लोकांनी काढलेले रस्ते गूगलच्या नकाशात राहिले, ज्यांनी काढले त्यांना ते उचलून दुसरीकडे नेता आले नाहीत.

हौशी : पण नकाशात रस्ते राहिले ना? मग फसलं कोण? गावाला रस्ता मिळाला. रिठदचा माणूस आज बाहेरच्या पाहुण्याला ठिकाण पाठवतो तो त्याच नकाशावरून. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून आहे, पूर्ण मुक्त आहे. तुमच्या सगळ्या अटी तिथे पुऱ्या होतात. पण समृद्धी महामार्गावरून जाणारा माणूस ते उघडत नाही, काका. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी रस्ता खुला झाला तेव्हापासून गाड्या आपल्या जिल्ह्यातून सुसाट जातात. शिरपूरला वळायचं की नाही, हे माणूस चालत्या गाडीत मोबाइल बघून ठरवतो. तिथलं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं देऊळ दिगंबर आणि श्वेतांबर पंथांच्या वादात १९८१ पासून कुलूपबंद होतं, ते २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडलं. उघडलंय, ही एवढी बातमी त्या माणसाच्या हातातल्या पडद्यावर पोचली तर तो वळेल. मी ती मुक्त जागेत लिहिली तर माझा हक्क शाबूत राहील आणि तो माणूस सरळ शिर्डीला जाईल. वाचणारा आहे तिथे लिहावं तर हक्क नाही, हक्क आहे तिथे लिहावं तर वाचणारा नाही. वाशिमच्या माणसाने यातलं काय निवडायचं?

हिशेबी : दोन्हीकडे लिहायचं. आधी आपल्या वहीत, मुक्त परवाना लावून. मग त्याची नक्कल कंपनीला.

हौशी : ज्याला काहीच मिळत नाही त्याच्यावरच दुप्पट काम टाकताय. आणि वही राखली तरी त्यात माझंच राहील. मी शिरपूरबद्दल लिहिलं, त्याखाली कुणी अनोळखी माणसाने एसटीची बदललेली वेळ लिहिली, दुसऱ्या पंथाच्या कुणी माझी नावाची चूक दाखवली, तिसऱ्याने व्हीलचेअर आतपर्यंत जाते का ते तपासून सांगितलं. खरी किंमत त्या चौघांच्या एकत्र असण्यात आहे. माझा चौथा हिस्सा वहीत ठेवून काय उपयोग? व्हर्च्युअलटुरिस्टवाल्यांचं हेच गेलं. प्रत्येकाचा स्वतःचा मजकूर कदाचित घरच्या संगणकात असेल. एकमेकांना दिलेली उत्तरं कुणाच्याच घरी नव्हती.

हिशेबी : म्हणजे हक्क एकेकट्याला देऊन भागत नाही. आणि कायद्याला तर एकटा माणूसच दिसतो. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्याने तुला तुझी माहिती पुसून टाकायला सांगण्याचा हक्क दिला. ती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या मसुद्यात होता, कायदा होईपर्यंत गळाला. युरोपात तो २०१८ पासून आहे, पण तिथेही स्वतःपुरताच. पुसायचं एकट्याने, न्यायचंही एकट्याने. चौघांनी मिळून लिहिलेलं चौघांनी मिळून न्यावं, असं मागायला कुणाचं नाव घालायचं, हे कुठल्याच कायद्यात नाही.

हौशी : समजा उद्या असा कायदा झाला. मालकाने साइट बंद करायची तर सगळा मजकूर लिहिणाऱ्यांच्या मंडळाकडे सोपवायचा. त्या मंडळाचे सभासद कोण? नोंदवही लागेल, खऱ्या नावाची, पत्त्याची.

हिशेबी : लागेलच. नोंदीशिवाय सभासद कसा?

हौशी : मग हॉटेलवाल्याच्या नोटिशीला घाबरणारा लिहिणार नाही. मेक्सिकोतली ती बाई खऱ्या नावाने, पत्त्याने लिहील? पालघरनंतर कुणाला खरं नाव द्यायचं धाडस होतं? तुम्हाला हवी असलेली पावती नाव सांगितल्याशिवाय निघत नाही, आणि यातलं सगळ्यात मोलाचं लिहिणं नाव लपवल्याशिवाय होत नाही.

हिशेबी : तरी नाव नोंदवण्याचा आग्रह मी सोडणार नाही. ज्याचं नाव कुठेच नाही, त्याच्या वतीने भांडणारा शेवटी मालकच उरतो. माउथशट त्यांच्यासाठी भांडली, व्हर्च्युअलटुरिस्टसाठी कुणी भांडलं नाही. भांडायचं की नाही, हे दोन्ही वेळा मालकानेच ठरवलं.

हौशी : आणि मी निनावी राहण्याचा आग्रह सोडणार नाही. मग आपल्याला अशी नोंदवही शोधावी लागेल जिच्यात माणूस सापडणार नाही, पण त्याचा हिस्सा सापडेल.